शर्टिंगची गोधडी: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

आराखडा पक्का झाला. ओहायो स्टार या ताऱ्याच्या नक्षीची घरं (तुकडे जोडून केलेले चौकोन) आणि साधे चौकोन, एकाआड एक. पाच आडवे, सात उभे. त्यात १८ तारे आणि १७ साधे चौकोन. शिवून झाल्यावर प्रत्येक घर ९ इंचांचं, म्हणजे मधला भाग ४५ बाय ६३. भोवती तीन इंची काठ लावला की ५१ बाय ६९. तारे आणि काठ गडद निळे. बाकी सगळं शर्टिंगचं, म्हणजे शर्टाच्या फिक्या कापडाचं.

शर्टिंगचाच हट्ट एवढ्यासाठी की सपाट पांढऱ्या कापडावर तारा नुसता चिकटवल्यासारखा दिसतो. जमिनीत, म्हणजे ताऱ्यामागच्या फिक्या कापडात, बारीक रेघ, ठिपका, पुसट चौकडी असली की जवळ जाऊन बघायला काहीतरी मिळतं, आणि चार पावलं मागे सरकलं की ती नक्षी आपोआप मिटून फिका रंग तेवढा राहतो.

जमलेला ढीग तीन तऱ्हेचा आहे: जुने शर्ट, ताग्यावरून कापून आणलेलं शर्टिंग, आणि क्विल्टिंगसाठीच (गोधडीकामासाठीच) छापलेली शर्टिंग प्रिंट. तिन्ही एकाच गोधडीत घालायची आहेत, त्यामुळे निवडीचा क्रम ठरवून टाकला. कापड वागतं कसं हे आधी, दिसतं कसं हे नंतर. हात सारखा सुंदर रेघांकडे जातोय, पण सध्या नाही.

९ जानेवारी

आज फक्त धागा कशाचा आहे ते. ज्यांचं लेबल उडालंय त्यांचे दोन-तीन धागे ओढून चिमट्यात धरले आणि बेसिनवर जाळून पाहिले. उभे वेगळे, आडवे वेगळे, कारण काही कापडांत ताणा सुती आणि बाणा मिश्र असतो. सुती धागा झटकन पेटतो, कागद जळल्यासारखा वास येतो, मागे मऊ करडी राख उरते. पॉलिएस्टर आचेपासून आक्रसत जातं, वितळतं आणि काळा टणक मणी होतो. मिश्र धाग्याची राख होते, पण ती बोटांत चुरडताना कण टोचतो. हाताला अगदी सुती वाटणाऱ्या एका रेघांच्या शर्टाच्या बाण्यात असा कण लागला. तो बाजूला.

मिश्र कापड वाईट असतं असं नाही. रंग धरून ठेवतं, लवकर विरत नाही. पण सुतीच्या शेजारी शिवलं की दोघांचं पटत नाही. सुती धुण्यात आटतं, हे आटत नाही. सुतीला लागते तेवढी कडक इस्त्री याला सोसत नाही.

'नो आयर्न' शर्टांचा प्रश्न निराळा. जाळून पाहिले तर शुद्ध सुती. पण त्यांच्यावर रेझिनची प्रक्रिया असते. ती सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना बांधून ठेवते. म्हणून सुरकुती पडत नाही, आणि म्हणूनच घडीही बसत नाही. इथे तर पावलोपावली शिवण मोडून दाबायची असते. ओळखायची सोपी रीत: कोपरा दुमडायचा, नखाने घट्ट दाबायचा आणि सोडून द्यायचा. साधं पॉपलिन (शर्टाचं नेहमीचं सुती कापड) दुमडलेलंच राहतं. हे कापड आपलं आपण हळूहळू उघडतं. त्या प्रक्रियेत धाग्याची ताकदही थोडी जाते. असा एखादा शर्ट मोठ्या चौकोनात चालवून घेईन, ताऱ्याच्या लहान तुकड्यांत नाही.

इलास्टेन असलेलं कापड आडवं ओढून सोडलं की लगेच कळतं. ते सगळं बाद, चर्चा नाही.

१३ जानेवारी

वीण. आजचा दिवस भिंग घेऊन बसण्यात गेला, आणि सगळ्यात जास्त उलगडा आजच झाला.

पॉपलिन सगळ्यात जास्त आहे. वीण साधी, पण उभे धागे आडव्यांपेक्षा खूप दाट. सर्रास आढळणारी बांधणी ४० काउंटच्या सुताची: इंचात १३३ उभे, ७२ आडवे. (एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लड्या बसतात तितका सुताचा काउंट, म्हणून आकडा मोठा तितकं सूत बारीक.) क्विल्टिंग कॉटनमध्ये दोन्ही दिशांना साधारण ६० ते ७५ धागे, आणि सूत जाडसर. पॉपलिन पातळ असूनही हटवादी का, ते या आकड्यांतच दिसतं. सुई आत जाताना धागे सरकून वाट देत नाहीत. मशीनची सुई जरा बोथट झाली की टप टप असा आवाज येतो. हाताने धावदोरा घालायचा असेल तर दोन टाक्यांतच बोटांना कळतं. उभ्या दिशेने पॉपलिन जवळजवळ ताणत नाही, आडव्या दिशेने थोडं देतं.

शाम्ब्रेचा ताणा रंगीत आणि बाणा पांढरा. लांबून एकरंगी, जवळून जिवंत. वीण पॉपलिनइतकी आवळलेली नसते, त्यामुळे सुईला बरं.

एंड-ऑन-एंडमध्ये उभे धागे एक रंगीत, एक पांढरा असे लागलेले असतात. रेघ इतकी बारीक की डोळा तिला रेघ मानतच नाही, धुक्यासारखा फिका निळा किंवा करडा दिसतो. ताऱ्यामागच्या जमिनीसाठी ढिगातलं सगळ्यात उत्तम कापड हेच. दुर्दैवाने आहे थोडंच.

ऑक्सफर्डमध्ये दोन बारीक उभे धागे जोडीने एका जाड आडव्या धाग्यावरून जातात. पोत दाणेदार, दिसायला देखणा. पण कातर लागली रे लागली की दोरे सुटायला लागतात. बोटभर पट्टी कापून दोनदा चोळली, तर कडेचे तीन-चार जाड धागे हातात आले. पाव इंचाच्या शिवणीत एवढं गेल्यावर धरायला काय उरणार? शिवाय ओहायो स्टारमध्ये चार त्रिकोणांची टोकं एका बिंदूत मिळतात, तिथे ऑक्सफर्डची गाठ होते. पिनपॉइंट ऑक्सफर्ड बारीक सुताचं असतं, ते साध्या चौकोनांसाठी ठेवलं.

तिरप्या विणीचं ट्विल आणि हेरिंगबोन चालेल, फक्त तुकडा फिरवला की प्रकाश वेगळा पडून छटा बदलते, म्हणून दिशा सांभाळायची. डॉबीची विणलेली बारीक नक्षी छान, पण मागे लोंबणारे धागे लांब असतील तर ते कापताना सुटतात. लॉन हे पातळ सुती कापड खळ घालून चालेल. व्हॉइल नको, फार पारदर्शक. सीरसकरच्या चुण्या विणतानाच काही धाग्यांचा ताण ढिला ठेवून आणलेल्या असतात. इस्त्री केली की पसरतं, सोडलं की आकसतं, आणि मापाचं काही खरं राहत नाही. फ्लॅनेल गुबगुबीत, ते वेगळ्या गोधडीचं काम.

१४ जानेवारी

वजन. ५० सें.मी. बाय २० सें.मी. तुकडा घडी करून वजनकाट्यावर ठेवायचा. हा चौरस मीटरचा दहावा भाग, म्हणून आलेल्या ग्रॅमला दहाने गुणलं की चौरस मीटरचं वजन. पॉपलिन ११०च्या आसपास, क्विल्टिंगचं छापील कापड १४५, ऑक्सफर्ड १६०, लॉन ७५. सीमा ठरवली: १०० ते १५०. खालचं लागलंच तर खळ घालून. वरचं ताऱ्यांत नाही.

१८ जानेवारी

ताग्यावरचं सगळं धुतलं. जुने शर्ट अनेक धुण्यांत आटून मोकळे झालेले असतात, त्यांची काळजी नाही. नवीन सुती कापड ३ ते ५ टक्के सहज आटतं. सॅनफोराइज्ड असेल तर कारखान्यातच यंत्राने लांबीच्या दिशेने आधी दाबून घेतलेलं असतं, मग जेमतेम एक टक्का.

धुण्याआधी प्रत्येकावर दोन्ही दिशांनी ५० सें.मी.च्या खुणा केल्या होत्या. एका करड्या रेघेच्या कापडात उभ्या खुणा ४८वर आल्या, आडव्या जवळपास होत्या तिथेच. अशा कापडाच्या शेजारी न आटणारं कापड शिवून मग गोधडी धुतली, तर प्रत्येक घर थोडं थोडं ओढलं जाईल.

धुण्याचा दुसरा फायदा, खळ निघून जाते. ताग्यावर कडक, भरीव वाटलेलं एक कापड पाण्यातून बाहेर आलं ते लुळं पडूनच. उजेडासमोर धरलं तर धाग्यांमधून पलीकडचं दिसत होतं. बाद.

रंग: ओल्या पांढऱ्या फडक्यावर ठेवून वरून इस्त्री फिरवली. गडद निळ्याने फडकं निळसर केलं. पाणी स्वच्छ येईपर्यंत तो खळबळत राहायचा. लाल रेघांनी अपेक्षेपेक्षा चांगली वागणूक दिली.

२२ जानेवारी

शर्ट सोडवले. शिवणी उसवत बसण्यात अर्थ नाही, शिवणीलगत कातर चालवायची. कॉलर, कफ आणि बटणपट्टीच्या आत अस्तर चिकटवलेलं असतं, ते सगळं बाजूला. सगळ्यात मोठा तुकडा पाठीचा. मोठ्या मापाच्या शर्टाच्या पाठीतून साडेनऊ इंचांचे चार चौकोन निघतात. साध्या घरांसाठी पाठी आणि समोरचे भाग, ताऱ्यांसाठी बाह्या.

मग प्रत्येक तुकडा खिडकीच्या काचेवर धरला. कोपराजवळ कापड विरलेलं असतं, ते हाताला कळत नाही पण उजेडात चटकन दिसतं. काखेजवळचा पिवळेपणा धुऊन जात नाही, तो भाग कापून टाकायचा. खिसा काढला की खाली मूळ रंगाचा चौकोन असतो, भोवतालचा सगळा शर्ट त्याहून फिका झालेला, आणि कडेने सुईच्या भोकांची रांग. एका चौकोनात हा खिशाचा ठसा मुद्दाम ठेवला. बाकीचे टाळले.

योकचं (खांद्यांवरच्या पट्टीचं) एक लक्षात ठेवायचं: तिथे उभा धागा खांद्यांच्या दिशेने आडवा टाकलेला असतो. रेघा असल्या तर दिसतं, एकरंगी असलं तर फसगत होते. योकच्या तुकड्यांवर पेन्सिलीने बाण काढले.

२३ जानेवारी

पन्ह्याचा हिशेब. क्विल्टिंग कॉटन ४४ इंच, किनार सोडून ४२ धरायचं. साडेतीन इंचांचे १२ चौकोन एका पट्टीत. शर्टिंगचा पन्हा ५८, वापरता येतो ५६, चौकोन १६. ताऱ्यांच्या कोपऱ्यांना ७२ फिके चौकोन लागतात. क्विल्टिंगच्या पन्ह्यात सहा पट्ट्या, शर्टिंगच्या पन्ह्यात पाच, त्यातली शेवटची अर्धी. नमुन्याच्या कागदावर लिहिलेली लांबी शर्टिंगसाठी तशीच्या तशी घ्यायची गरज नाही.

२७ जानेवारी

आता दिसण्याकडे. आधी जमिनीचा रंग.

छापील शर्टिंग प्रिंटचा वंश अमेरिकेतला. १९व्या शतकाच्या शेवटच्या दशकांत आणि २०व्याच्या सुरुवातीला तिथे शर्ट-ब्लाऊजसाठी स्वस्त सुती कापड छापलं जाई: पांढरी जमीन आणि त्यावर काळी, निळी, लालसर किंवा तपकिरी एकरंगी चिमुकली नक्षी. ठिपके, डहाळ्या, घोड्याचे नाल, जहाजाचे नांगर. तेव्हाच्या गोधड्यांत फिक्या जागी हेच भरलेलं दिसतं. त्या काळच्या काही तपकिरी-काळ्या रंगांत लोहाचे क्षार वापरलेले असत आणि त्यांनी कापड कुजतं, म्हणून जुन्या गोधड्यांत कधी कधी बरोबर नक्षीच्या जागीच भोकं पडलेली असतात. आजच्या नव्या छपाईत ती भीती नाही.

अडचण अशी की या प्रिंटची जमीन बहुधा सायीच्या रंगाची, आणि शर्टांचं पॉपलिन निळसर पांढरं. काळोखात यूव्ही टॉर्च मारला तर शर्टाचे तुकडे चक्क चमकतात. कापडाला आणि साबणालाही उजळवणारी रसायनं असतात. पांढऱ्यांच्या गर्दीत सायीचा एकच चौकोन आला तर तो मळलेला दिसतो. दोन उपाय: एकच जमीन धरायची, किंवा दोन्ही भरपूर घेऊन सगळीकडे पसरायच्या. मी दुसरा निवडला, साधारण निम्मे निम्मे. एकाच ताऱ्याच्या आत मात्र दोन जमिनी आणायच्या नाहीत.

मग सगळे तुकडे फरशीवर मांडून फोनवर कृष्णधवल फोटो काढला. फिका वाटलेला निळ्या-पांढऱ्या चौकडीचा गिंगम फोटोत मध्यम करडा आला, अर्ध्या इंचाच्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचंही तेच. तारा गडद निळा असल्याने एवढा करडा सोसेल असं वाटत होतं, म्हणून खाली ताऱ्याचे तुकडे ठेवून पुन्हा फोटो घेतला. नाही सोसत. ते दोन्ही काढले. बारीक टॅटरसॉलची चौकडी पास झाली, कारण तिच्यात पांढरं जास्त आहे.

२ फेब्रुवारी

रेघा. आजची नोंद लांबणार.

विणलेल्या रेघेचं मोठं सुख असं की ती धाग्याबरोबरच चालते. रेघ धरून कापलं की कापड आपोआप सरळ कापलं जातं. छापील रेघेची अशी हमी नाही, ती धाग्याला तिरकी गेलेली असू शकते. तिथे दोघांपैकी एकाचं ऐकावं लागतं. मी छापलेल्या रेघेचं ऐकते आणि तुकड्याला खळ घालते, कारण तिरपी रेघ सगळ्यांना दिसते आणि तिरपा धागा कुणालाच नाही.

रुंद रेघ ताऱ्याजवळ घातक. त्रिकोण लहान, त्यात दोनच पट्टे मावतात, आणि गडद पट्टा जर ताऱ्याच्या टोकालगत आला तर ते टोक त्यात मिसळून बोथट दिसतं. ताऱ्यांच्या घरांत तीन मिलिमीटरपेक्षा रुंद रेघ घ्यायची नाही असं ठरलं. रुंद रेघांना साडेनऊचे चौकोन मोकळे आहेत.

आता दिशा. ओहायो स्टारच्या चार बाजूंना प्रत्येकी चार त्रिकोणांचा एक एकक येतो, त्यात दोन फिके समोरासमोर. सव्वाचार इंचांचा उभ्या रेघेचा चौकोन दोन्ही कर्णांवर कापला तर चार त्रिकोण मिळतात: दोघांच्या रेघा लांब बाजूला समांतर, दोघांच्या काटकोनात. संपूर्ण घरात सगळ्या रेघा उभ्या हव्या असतील तर वरच्या-खालच्या एककांना काटकोनातले त्रिकोण लागतात आणि डाव्या-उजव्यांना समांतर. एका घरात फिके त्रिकोण आठ, चार या तऱ्हेचे आणि चार त्या. म्हणजे दोन चौकोनांत हिशेब पुरा, एकही त्रिकोण उरत नाही.

आणखी बरं म्हणजे त्रिकोण सुटे कापायचीही गरज नाही. फिका आणि गडद चौकोन जोडीने ठेवून कर्णाच्या दोन्ही बाजूंनी टीप मारायची, कापायचं, उघडायचं. मग ते दोन अर्धे उलट रंग समोर येतील असे एकमेकांवर ठेवून दुसऱ्या कर्णावर तेच. अशा एका जोडीतून दोन एकक मिळतात, एक समांतर रेघांचा आणि एक काटकोनाचा. अट एकच: एका जोडीतले दोन अर्धे एकत्रच ठेवायचे, आणि कर्णाची रेषा सगळ्या चौकोनांवर रेघेच्या हिशेबाने त्याच बाजूने आखायची. कुठे डावीकडून, कुठे उजवीकडून आखली तर एकाच एककात एक त्रिकोण उभा आणि एक आडवा येतो.

काही ताऱ्यांत मुद्दाम आडवा-उभा खेळ ठेवायचा का, यावर बराच वेळ विचार केला. तारा आधीच टोकदार, त्यात रेघांनीही भांडायला नको. सगळीकडे उभ्या.

५ फेब्रुवारी

शिवणीची चाचणी. दीड इंचाच्या तीन पट्ट्या जोडल्या, रुंदी साडेतीन यायला हवी. क्विल्टिंग कॉटनवर बरोबर येणारी टीप पॉपलिनवर थोडी जास्त रुंदी देते, कारण पातळ कापडाच्या घडीत कमी जागा खर्च होते. गडद निळं क्विल्टिंग कॉटन, फिकं पॉपलिन, म्हणून दोन्हींच्या मिश्र पट्ट्यांवरच सुईची जागा पक्की केली. सुई मायक्रोटेक्स ७०/१० (बारीक, अणकुचीदार), दोरा ५० वजनाचा, टाका २ मिलिमीटर. कापण्याआधी सगळ्या शर्टिंगला खळ आणि कोरडी इस्त्री. खळ घातलेला पॉपलिनचा त्रिकोण उरेब (धाग्याला तिरप्या) कडेवरही ओढला जात नाही.

१४ फेब्रुवारी

निम्मे तारे झाले. शिवणी गडद बाजूला दाबल्या, कारण पॉपलिनखालून निळी किनार सावलीसारखी दिसते. जिथे फिक्या बाजूलाच दाबावी लागली तिथे निळी किनार कातरून फिक्यापेक्षा थोडी आखूड केली. सुटे निळे दोरे वेचून काढणं हे कंटाळवाणं काम आहे, पण एक राहिला तरी वरून केसासारखा दिसतो.

विणलेल्या रेघांना सुलट-उलट नसतं. तुकडा उलटा फिरला तरी बिघडत नाही. छापील तुकड्यांच्या मागे मात्र खूण हवीच.

२६ फेब्रुवारी

भरण. न धुतलेल्या नैसर्गिक सुती भरणात सरकीचे तपकिरी ठिपके असतात, ते पातळ शर्टिंगखालून दिसतात. पांढरं केलेलं घेतलं. अस्तराला शाम्ब्रे: ५१ इंच रुंदीला दोन्हीकडे दोन-दोन इंच सोडले की ५५ होतात, शर्टिंगच्या पन्ह्यात जोड न देता बसतात. पॉपलिनचं अस्तर सुचलं होतं, पण दोन्हीकडे घट्ट वीण असल्यावर हाताने धावदोरा घालणं ही शिक्षाच.

टाके रेघांना समांतर घालायचे नाहीत. विणलेली रेघ शेजारी असली की टाका केसभर वाकला तरी उघडा पडतो. सगळं काम तिरप्या रेषांत, ताऱ्यांच्या कर्णांना धरून.

९ मार्च

कडेला बारीक रेघेची उरेब पट्टी. सरळ कापली असती तर रेघा कडेला लंब किंवा समांतर आल्या असत्या. उरेब कापल्यावर त्या तिरप्या फिरत जातात आणि निळ्या काठाला बाहेरून हलकी किनार मिळते. पॉपलिन पातळ असल्याने पट्टी दुहेरीच, सव्वादोन इंच कापून मधोमध दुमडलेली. घेर २४० इंच, कोपरे आणि जोड धरून २५५ तयार ठेवली. जोड देताना रेघेला रेघ जुळवली, नाहीतर तिथेच नजर अडकते.

उरलेलं कापड विणीप्रमाणे बांधून ठेवलं, रंगाप्रमाणे नाही. पॉपलिन आणि एंड-ऑन-एंड एका गठ्ठ्यात, ऑक्सफर्ड आणि फ्लॅनेल दुसऱ्यात. दुसऱ्या गठ्ठ्याची साधी मोठ्या चौकोनांची गोधडी करायची, अर्धा इंच शिवण ठेवून.